एस्तेरबाईंचा समुद्र

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत,
मी लग्नपत्रिकेवरचे मामा जुळवत बसलेलो
तेव्हा एस्तेरबाई घाटगे आल्या.
मिशन दवाखान्यातल्या मेट्रन, आता निवृत्त.
हातात सात फुलस्केप वह्या, सलाईनच्या नळीने बांधलेल्या.
'कादंबरी आहे,' म्हणाल्या,
जसं कुणी म्हणावं, ताप आहे.
'नाताळची. हलकीफुलकी. कुणी मरत नाही.
चोवीस तारखेच्या आत टाईप करून दे.'

एक श्रीमंत गाव, समुद्राकाठचं.
घरं पांढरी, कुत्री आंघोळ घातलेली,
बायका मोत्यांच्या माळा घालून मासळी आणायला जातात
आणि भाव करत नाहीत.
मी तिथेच थांबलो.
'अजिबात करत नाहीत?'
'श्रीमंत आहेत ना, बाळ.'
पण दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली:
पान अकरा, ओळ चौथी. 'थोडा करतात' असं घाल.

समुद्र त्यांनी एकदाच पाहिलेला,
मालवणला, नर्सेसच्या सहलीत, तोही ओहोटीचा.
म्हणून त्यांच्या समुद्राला चहूबाजूंनी कठडा आहे,
दिवेलागणीला भेळेच्या गाड्या लागतात,
आणि तिसऱ्या प्रकरणात
खाजगी बोटींच्या रांगेमधून
दोन म्हशी पोहत जातात. कुणालाच नवल वाटत नाही.
मी म्हटलं, बाई, हा तर रंकाळा झाला.
त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला.
'दोनच घातल्यात,' म्हणाल्या. 'खऱ्या चाळीस असतात.'

मग नगराध्यक्षांच्या बंगल्यावरची मेजवानी.
सोळा पदार्थ, नावं कुठल्याशा मासिकातून उतरवलेली,
टाईप करताना माझी जीभ अडखळायची.
पान ऐंशीपर्यंत पाहुणेही कंटाळले,
आणि हिऱ्याची कुडी घातलेली नगराध्यक्षांची बायको
वाढप्याच्या कानाशी लागून विचारते,
'पांढरा रस्सा हाय का रं?'
तिथून पुढे कादंबरी जी सुटली!

'समुद्रावर बर्फ पडतो का?' एकदा फोन.
मी म्हटलं, पडत असेल, पैसेवाल्यांच्यात काय.
त्यांनी पाडला.
गॉझच्या घड्यांसारखा, निर्जंतुक,
रात्रपाळी संपायच्या आत मोजून ठेवलेला.

सगळं होतं, फक्त नायकाला नाव नव्हतं.
तीन बोटींचा मालक, केस पांढरे, बोलणं कमी,
कुठेही पोचायचं तर उशीर,
आणि नावाच्या जागी टिंबं.
'चारच टाक,' त्यांनी बजावलेलं. 'पाचवं नको.'
नायिका एकोणसाठ वर्षांची.
मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर त्यांनी थर्मामीटर लावला असता.

चोवीसला सकाळी, वीज गेलेली,
इन्व्हर्टर शेवटचे आचके देत असताना फोन.
'टिंबं काढ. शांतवन घाल.'
एक बटण दाबलं.
तीनशे बारा ठिकाणी एकदम शांतवन.

शांतवन लोंढे. औषधाच्या दुकानातले जुने कंपाउंडर,
पुड्या बांधणारे, चर्चची घंटा वाजवणारे.
रात्री मी वीस प्रती स्पायरल मारून पोचवल्या.
कागदी चांदणीखाली करंज्यांचे डबे,
कुणाचं पोर मेंढपाळाच्या दाढीसकट रडतंय,
आणि लोंढे उभ्या उभ्या पहिलं पान वाचतायत,
ओठ हलवत, प्रिस्क्रिप्शन वाचावं तसे.
'एस्तेर,' म्हणाले, 'मला बोट लागते गं.
मालवणला आठवतंय ना तुला.'
'म्हणून तर शेवटी तिन्ही विकल्यात,' बाई म्हणाल्या,
करंज्या मोजता मोजता, मान वर न करता.
त्यांनी शेवटचं पान उघडलं.
त्या वर्षी घंटा अकरा मिनिटं उशिरा वाजली.

माझे छपाईचे साडेतीनशे अजून यायचेत.
करंज्यांचा रिकामा डबा न्यायला मात्र
दोघं आले होते,
एका लुनावरून.